छोट्या पेट्रोल गाडीचं मायलेज १६ वरून १२ वर आलंय, नक्की काय बघू?

धायरीकर
नमस्कार मंडळी. २०१९ ची हजार सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल, साठ-बासष्ट हजार किमी झालेत. रोज धायरी ते हिंजवडी आणि परत, म्हणजे नवले पूल, वारजे, चांदणी चौक, वाकड, रस्ता सगळ्यांना माहितीये. घेतली तेव्हा ह्याच रस्त्यावर एसी लावून १६ च्या आसपास द्यायची आणि कोल्हापूरला गेलो की २१-२२ सहज. आता सिटीत १२ आणि हायवेला १७ च्या वर जातच नाही. सर्व्हिसिंग वेळेवर आहे, एअर फिल्टर आणि प्लग नवे टाकले, फरक शून्य. इंजिनाचा आवाज नॉर्मल, पिकअप नॉर्मल, डॅशबोर्डवर कुठलाही दिवा नाही. मागच्या उन्हाळ्यात खंबाटकी चढताना एकदा गाडी गरम झाली होती तेवढीच, पण ते काम रस्त्यातल्या एका गॅरेजमध्ये करून घेतलं आणि त्यानंतर परत कधी गरम झाली नाही.

महिन्याचं पेट्रोलचं बिल बघून धडकी भरते हो. गाडी विकायची नाहीये, वडिलांनी हौसेने घेऊन दिलेली आहे. काय काय तपासू ते सांगा, आणि तुमच्या छोट्या गाड्या खऱ्या रस्त्यावर किती देतात तेही लिहा.

टॉर्कराव
पहिला प्रश्न, १२ हा आकडा कुठून आला? मीटरवरच्या डिस्प्लेतून की मोजून? डिस्प्ले बहुतेक गाड्यांत थोडा खुशीचा आकडा दाखवतो. टाकी फुल करा, पंपाचा नोझल स्वतःहून कट झाला की थांबा, वरून गोल आकड्यासाठी अजून कोंबू नका. ट्रिप मीटर शून्य. निदान अर्ध्याच्या वर टाकी वापरून त्याच पंपावर परत ऑटो कटपर्यंत भरा आणि किमी भागिले लिटर. असं लागोपाठ काही वेळा करून सरासरी काढा. पाचशेचं पेट्रोल टाकून "एवढ्यात एवढी चालली" हा हिशोब काही कामाचा नाही.

धायरीकर
@टॉर्कराव, फुल टू फुलच मोजतोय, वहीत लिहून ठेवतो. डिस्प्ले १३.५ दाखवतो, प्रत्यक्षात १२.

मीनल_ठाणे
वाचतेय. आमची पण सेम कथा, घोडबंदर रोडला ११ देते.

जुना_गडी
कंपनी २४ सांगते आणि देते १२, सगळी फसवाफसवी आहे. कोणी कोर्टात जात नाही म्हणून चाललंय.

टॉर्कराव
@जुना_गडी, फसवणूक म्हणता येणार नाही, ती चाचणी काय असते ते बघा. आपल्या पुण्यातच वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, टेकडीचं नावच लोकांनी एआरएआय टेकडी करून टाकलंय. ते सर्टिफिकेट देतात. तिथे गाडी रस्त्यावर पळवत नाहीत, रोलरवर उभी करून ठरलेल्या वेळापत्रकाने चालवतात. अमुक सेकंदाला इतका वेग, मग ब्रेक, मग थांबा. कमाल वेग ९० किमी, एसी बंद. खड्डा नाही, चढ नाही, पाच माणसं नाहीत, नवले पूल तर नाहीच नाही. तो आकडा दोन गाड्यांची आपसात तुलना करायला आहे. खऱ्या वापरात त्याच्या ६५ ते ८० टक्के मिळालं तर गाडी ठणठणीत समजायची. म्हणजे धायरीकरांना पूर्वी मिळायचं ते १६ योग्यच होतं, १२ मात्र योग्य नाही.

ऊसवाला_सांगली
टायरची हवा बघा आधी. ड्रायव्हर बाजूचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, त्यावर लिहिलेली हवा सकाळी टायर थंड असताना भरायची. पंपावरचा पोऱ्या सगळ्यांना सरसकट ३० मारतो.

स्वप्नजा
हे इथेनॉल प्रकरण आहे, दुसरं काही नाही. पूर्वी साधं पेट्रोल होतं, आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलशिवाय, काही मिळत नाही. माझ्या ऑफिसमध्ये ज्याला विचाराल तो हेच सांगतो. सगळ्यांची मायलेज त्यातच गेली.

ऊसवाला_सांगली
आलं का परत उसावर! ताई, आमच्या भागात कारखाने इथेनॉल करायला लागले तेव्हा कुठे उसाची बिलं जरा वेळेवर यायला लागली. पेट्रोल बाहेरून आणायचं त्यात बचत होते ती वेगळीच. मायलेज थोडं कमी होतं हे मान्य, पण चारचा फरक त्याने पडणार नाही.

स्वप्नजा
शेतकऱ्याला पैसे मिळावेत ह्याला कोण नाही म्हणतंय? माझे आजोळ श्रीगोंद्याचे, घरात ऊस आहे. पण मग लिटरमागे ताकद कमी असेल तर पंपावर दरही तसा कमी हवा ना? आणि ज्याची गाडी जुनी त्याने काय करायचं? ह्याचं उत्तर मला कोणी देत नाही.

टॉर्कराव
दोघांचंही बरोबर आहे, आकडे मांडतो. लिटरला लिटर धरलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी. २० टक्के मिसळलं की एका लिटरमागे ऊर्जा सहा-साडेसहा टक्क्यांनी उतरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही हेच आहे, ई१० वर ट्यून केलेल्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल आणि मुळात ई२० साठी ट्यून केलेल्या गाड्यांचं १ ते २ टक्के. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाइप, सील वगैरे ई२० चालेल असे येतात. धायरीकरांची गाडी २०१९ ची, म्हणजे पहिल्या गटात.

आता १६ मधून ६-७ टक्के वजा करा, १५ राहतात. १२ कसे झाले? म्हणजे एक इथेनॉलने नेला, उरलेले तीन दुसरीकडे कुठेतरी गळतायत. स्वप्नजाताईंचा दराचा मुद्दा मात्र मलाही पटतो, तो लावून धरायला हवा.

मीनल_ठाणे
मग ते महागडं ९५ ऑक्टेनवालं टाकलं तर? पंपावर मुलगा प्रत्येक वेळी विचारतो "मॅडम, एक्स्पी ९५ टाकू?"

टॉर्कराव
साध्या ९१ ऑक्टेनवर चालायला बनवलेल्या इंजिनात त्याने मायलेज वाढत नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, दाबाखाली ते आपोआप पेटू न देण्याची क्षमता. हाय कॉम्प्रेशन किंवा टर्बो इंजिनाला उपयोग, आपल्या छोट्या गाडीला नाही. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते टाका.

अण्णा_सातारकर
तुम्ही पोरं आकडेमोड फार करता. १९८८ पासून गाडी चालवतोय, पद्मिनी होती, मग मारुती ८००, आता अल्टो. मला आजही २० च्या खाली कधी मिळत नाही. युक्ती साधी. उतार लागला की न्यूट्रल. खंबाटकी, पसरणी, केळघर, सगळीकडे गाडी नुसती घरंगळत उतरवायची. फुकटचे किलोमीटर.

कशेडीकर
अण्णा, कृपा करून हा सल्ला इथे देऊ नका. नवीन शिकलेली पोरं वाचतात.

घाटरस्ता
कशेडीकरांना +१००. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना न्यूट्रलमध्ये आलेल्या ट्रकांनी किती जीव घेतलेत ते पुण्यातल्या कोणालाही विचारा. धायरीकर तर रोज तिथूनच जातात. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं, न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर. लांब उतारावर ब्रेक तापतात, एका हद्दीनंतर पेडल दाबूनही पकड येत नाही. कोणी तर त्याही पुढे जाऊन इंजिनच बंद करतं! मग ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टिअरिंग जातं.

आणि गंमत म्हणजे ह्यात पेट्रोल वाचतच नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं.

अण्णा_सातारकर
वाचत नाही कसं? इंजिन आयडलला असतं, कमीत कमी पेट्रोल खातं. गिअरमध्ये आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग, वर असतो. साधी गोष्ट आहे.

घाटरस्ता
अण्णा, तुमची पद्मिनी कार्ब्युरेटरवाली होती. तिच्यात तुमचं म्हणणं बरोबर होतं, कारण आरपीएम वाढला की इंजिनाच्या ओढीने पेट्रोल येतच राहायचं, पाय काढलेला असला तरी. इंजेक्शनवाल्या गाडीत कॉम्प्युटर आहे. तुम्ही गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि चाकंच इंजिनाला फिरवतायत हे त्याला कळलं, की तो पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंदच करतो. त्या वेळात पेट्रोल शून्य. आरपीएम उतरत हजार-दीडहजाराच्या आसपास आला की परत सुरू करतो म्हणजे गाडी बंद पडू नये. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला फिरतं ठेवायचंय, त्यामुळे आयडलिंगचं पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढून उतरलेली गाडी न्यूट्रलवाल्यापेक्षा कमी पेट्रोल खाते, आणि ब्रेकही शाबूत राहतात.

डिस्प्लेवर तात्काळ मायलेजची पट्टी असेल तर मोकळ्या उतारावर गिअरमध्येच पाय काढून बघा, पट्टी एकदम शेवटपर्यंत जाते.

अण्णा_सातारकर
हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. नातवाकडून ती पट्टी दाखवून घेतो. तरी सपाटीला थोडा उतार असला तर न्यूट्रल फायद्याचं असणार, कारण गिअरमध्ये गाडी लवकर थांबते.

घाटरस्ता
हिशोब म्हणून कधीकधी बरोबर ठरेल, पण मी तेही करत नाही. अचानक कुत्रं आडवं आलं की गिअर शोधत बसायची वेळ नको.

वैदर्भी
नागपूरहून. तुम्ही लोक एसीबद्दल काहीच बोलत नाही? आमच्याकडे मे महिन्यात ४५ असतं, गाडीत बसलं की सीटचे चटके बसतात. छोट्या इंजिनात एसीचा कॉम्प्रेसर ताकदीचा मोठाच वाटा खातो. मी काय करते, गाडी सावलीत लावते, नसेल तर काचेवर पडदा. सुरू केल्यावर आधी चारही काचा खाली, अर्धा-एक किमी गरम हवा बाहेर जाऊ देते आणि मगच एसी, आणि लगेच आतलीच हवा फिरवायच्या बटणावर. नाहीतर एसी बाहेरची ४५ डिग्रीची हवा गार करत बसतो. गावात हळू जाताना काचा उघड्या चालतात, हायवेला काचा उघड्या ठेवून ८०-९० ला जाणं मात्र उलटं महागात पडतं, हवा आत शिरून गाडीला ओढते. तिथे काचा बंद आणि एसी सुरू.

देवरुखकर
एसी बंद ठेवून दोन किमी वाढवायचे आणि घरी जाऊन डोकं धरून बसायचं, त्यापेक्षा दोन किमी गेले तरी चालतील.

मीनल_ठाणे
वडील शेजारच्या सीटवर बसले की माझी गाडी आपोआप दोन किमी जास्त देते, हा स्वानुभव. सारखं "हळू, हळू".

टॉर्कराव
मीनलताई, हसू नका, त्यातच सगळं शास्त्र आहे :) गणपतीची मूर्ती मांडीवर घेऊन कोणी शेजारी बसलंय असं समजून चालवलं तर छोट्या गाडीला सिटीत हमखास फरक पडतो. कारण ब्रेक मारणं म्हणजे पेट्रोल जाळून मिळवलेला वेग उष्णता करून फेकून देणं. पुढे सिग्नल लाल दिसतोय आणि आपण जोरात जाऊन तिथे उभं राहतोय, ह्यात काय मिळवलं? लांबूनच पाय काढा, गिअरमध्ये ठेवा, इंजेक्टर बंद होतील, पोचेपर्यंत सिग्नल सुटलाही असेल. निघताना आरपीएम उगाच तीन हजारावर नेऊ नका, दोन-सव्वादोनला गिअर बदलत वर जा. पण दुसऱ्या टोकालाही जायचं नाही, चौथ्या गिअरमध्ये पंचवीस-तीसने गाडी थडथडत ओढणं हे इंजिनाला मारणं आहे.

हायवेला वेग हा एकच मोठा मुद्दा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० ला गेलात तर वेग सव्वापट आणि हवेचा विरोध दीडपटीच्याही वर. आपल्या छोट्या उंच हॅचबॅकचा आकार डब्यासारखा, त्यामुळे तिला हे जास्तच जाणवतं. एक्सप्रेसवेला १०० ची परवानगी आहे म्हणून १०० नेच जायला हवं असं नाही. सलग ८० ने जाऊन बघा, लोणावळ्यापर्यंत फार तर दहा-बारा मिनिटं उशीर होतो. आणि टपावर कॅरिअर लावून ठेवला असेल तर तो आजच काढा.

जुना_गडी
८० ने गेलं की मागून ट्रक हॉर्न मारून जीव खातात.

कशेडीकर
डावी लेन आपली. आपण चुकीच्या लेनमध्ये नसलो की हॉर्नचं टेन्शन नाही.

स्टुटगार्टकर
जर्मनीतून डोकावतोय. इकडे किमी प्रति लिटर कोणी बोलत नाही, १०० किमीला किती लिटर असं मोजतात. सुरुवातीला मला विचित्र वाटायचं पण आता वाटतं हीच पद्धत चांगली आहे, कारण खिशातून काय जातंय ते सरळ दिसतं. बघा, हजार किमी जायचंय. १४ देणारी गाडी १६ द्यायला लागली तर ७१ लिटरऐवजी ६२.५ लागतात, जवळपास ९ लिटर वाचले. पण २२ देणारी २४ द्यायला लागली तर ४५.५ ऐवजी ४१.७, वाचले जेमतेम ४. दोन्हीकडे वाढ दोनचीच. म्हणून ज्याची गाडी १२ देतेय त्याने कामाला लागायलाच हवं, आणि ज्याची २२ देतेय त्याने २४ साठी एसी बंद करून घाम गाळत बसू नये.

धायरीकर, तुमचा फरक ह्या हिशोबाने १०० किमीला ६.२५ वरून ८.३ लिटर आहे. हे नुसत्या चालवण्याच्या सवयीने होत नाही, गाडीत काहीतरी आहे.

सीएनजीवाली
मी सरळ सांगते, सीएनजी घ्या आणि मोकळे व्हा. माझी वॅगनआर सीएनजी आहे, कंपनी ३४ म्हणते, मला पुण्यात २६-२७ मिळतात. हा धागा वाचण्यात जेवढा वेळ गेला त्यात माझी टाकी भरून झाली असती.

देवरुखकर
रांगेत उभं न राहता? :)

सीएनजीवाली
बरं, रांग असते. सकाळी साडेसहाला जाते मी, तेव्हा कमी असते.

टॉर्कराव
एक बारीक गोष्ट, ते २६ किलोमागे आहेत, लिटरमागे नाहीत. एका किलो सीएनजीत एका लिटर पेट्रोलपेक्षा बरीच जास्त ऊर्जा असते, त्यामुळे आकड्याची थेट तुलना करू नका, रुपयांत किमीमागे किती पडतं ते काढा. रुपयांतही सीएनजी जिंकतोच, पण डिकी जाते, चढावर दम कमी पडतो आणि सिलिंडरची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. जास्त रनिंग असेल तर नक्की परवडतं. कोकणात राहणाऱ्याने आधी आपल्या रस्त्यावर पंप कुठे आहेत ते बघून घ्यावं.

देवरुखकर
डिकी गेली तर गावाहून तांदूळ, नारळ, फणस कशात आणायचे? आमची गाडी मुंबईला जाताना मागून बसलेली असते. आईला सांगितलं मायलेज कमी होतं, तर म्हणाली मग दोन फेऱ्या मार.

बारामतीचा_बाळू
मी पेट्रोलच्या पाइपला लावायचा मॅग्नेट ऑनलाइन बघितलाय, ३० टक्के मायलेज वाढतं लिहिलंय. रिव्ह्यू पण चांगले आहेत. कोणी वापरलंय का?

टॉर्कराव
नका घेऊ. मॅग्नेट, टाकीत टाकायच्या गोळ्या, हायड्रोजन किट, सगळं एकाच माळेतलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, असली शंभरावर उपकरणं तपासलीत आणि मायलेजमध्ये ठळक फरक पाडणारं एकही सापडलं नाही. ३० टक्के खरंच मिळत असते तर कंपनीने कारखान्यातच बसवून दिलं असतं. त्या पैशात चार चाकांची अलाइनमेंट करून घ्या.

ऊसवाला_सांगली
माझ्या हवेच्या मुद्द्याला कोणी विचारलं नाही :) पुतण्याच्या गाडीत ३३ पाहिजे तिथे २२ निघाली होती, महिनोन्महिने कोणी बघितलंच नव्हतं.

स्टुटगार्टकर
हवेचा मुद्दा बरोबर आहे, पण प्रमाण लक्षात ठेवा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार चारही टायरमध्ये सरासरी १ पीएसआय कमी झाली की साधारण ०.२ टक्के मायलेज जातं. ११ पीएसआयचे दोन-सव्वादोन टक्के. करायचंच, टायरही वाचतो आणि पावसात पकड राहते, पण त्याने १२ चे १६ होणार नाहीत.

धायरीकर
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. हवा तपासली, बरोबर होती. टायर कंपनीने दिले त्याच मापाचे आहेत. डिकीत स्टेपनीशिवाय काही नाही. चालवण्याची पद्धतही तीच आहे, पहिली पाच वर्षं जशी चालवली तशीच आज चालवतोय. मग तीन किमी जातायत कुठे?

गॅरेजवाला_कोल्हापूर
भावा, सगळा धागा वाचला. माझं स्वतःचं गॅरेज आहे, अशा गाड्या रोज येतात. तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये उत्तर आहे असं मला वाटतंय आणि ते कोणी धरलं नाही. खंबाटकीत गाडी गरम झाली, गॅरेजवाल्याने काम केलं आणि "त्यानंतर परत कधी गरम झाली नाही". त्या बिलात थर्मोस्टॅट लिहिलाय का बघा. नसेल लिहिलेला तर बहुतेक त्याने जुना थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाकला आणि नवीन बसवलाच नाही. आपल्याकडे ही फार जुनी खोड आहे, गाडी गरम होते म्हणून आली की वॉल्व्ह काढ, पाणी सतत फिरू दे, गाडी गार. गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

पण इंजिनाला गरम राहायचं असतं. वॉल्व्ह असतो तो पाणी साधारण ८०-९० डिग्रीला जाईपर्यंत रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवतो. तो नसला की इंजिन सकाळी तापायला भरपूर वेळ घेतं, आणि हायवेला वारा लागला की तापलेलं परत गार होतं. कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीये, अजून थंड आहे, म्हणून तो पेट्रोल-हवेचं मिश्रण जाडच ठेवतो, पेट्रोल जास्त सोडतो. घाटरस्ता यांनी सांगितलं ते इंजेक्टर बंद करणंसुद्धा इंजिन थंड असलं की बऱ्याच गाड्या करत नाहीत. त्यात ऑइल घट्ट राहतं. दिवा लागेलच असं नाही. पिकअप चांगला वाटतो कारण मिश्रण जाड आहे. हायवेचं मायलेज पडणं ही तर पक्की खूण, कारण ट्रॅफिकचा दोष असता तर हायवेला २१ मिळालेच असते.

कसं बघायचं सांगतो. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर कोणाकडून तरी घ्या, स्टिअरिंगच्या खाली सॉकेट असतं, मोबाइलवर कूलंटचं तापमान दिसतं. अर्धा तास चालवून ८५-९० च्या आसपास स्थिर असेल तर माझं म्हणणं चूक. हायवेला ६०-६५ ला घसरत असेल तर वॉल्व्ह नाही, किंवा आहे पण उघडाच अडकलाय.

आणि गाडी रॅम्पवर चढवलीच आहे तर चारही चाकं उचलून हाताने फिरवून बघा. ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजल्या की ब्रेक पूर्ण सुटत नाही, गाडी ब्रेक घासतच पळते. घरी बघायचं तर दहा-पंधरा किमी जाऊन या, शेवटी ब्रेक कमी मारा, आणि उतरल्यावर चाकाजवळ हात न्या, हात लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथे ब्रेक धरतोय.

वैदर्भी
वा! हे वाचून आमच्या ड्रायव्हरकाकांनी पण मागे वॉल्व्ह काढलेला आठवलं, "विदर्भात त्याची गरज नाही" म्हणून. गरज असते का उन्हाळ्यात?

गॅरेजवाला_कोल्हापूर
असते ताई. बाहेर ४५ असलं तरी इंजिनाला ८५-९० पाहिजे. शिवाय वॉल्व्ह काढूनसुद्धा गाडी तापत असेल तर खरा दोष पंख्यात, पाण्याच्या पंपात किंवा चोक झालेल्या रेडिएटरमध्ये असतो, तो झाकला जातो आणि एक दिवस मोठा खर्च करून बाहेर येतो.

धायरीकर
अपडेट. मित्राकडून स्कॅनर आणला. सिटीत कसंबसं ७५, आणि रविवारी साताऱ्याच्या दिशेने मुद्दाम गेलो तर ८० च्या स्पीडला तापमान ६२-६४. सकाळी ऑफिसला निघाल्यावर तर वारजेपर्यंत ५० सुद्धा होत नाही. ओळखीच्या मेकॅनिककडे खोलून घेतलं, हाउसिंगमध्ये वॉल्व्ह खरंच नव्हता! नवीन थर्मोस्टॅट, गॅस्केट आणि कूलंट मिळून खर्च एका फुल टाकीपेक्षा कमी आला. मूळ दोष रेडिएटरच्या पंख्याच्या रिलेत निघाला, तो चालू-बंद होत होता, तोही बदलला. मागचं डावं चाक थोडं धरत होतं, हँडब्रेकची केबल सैल करून ग्रीस केलं.

आता तापमान ८८ ला खिळलंय. टाकी संपवून मोजतो मगच आकडा लिहितो.

अण्णा_सातारकर
शाब्बास कोल्हापूर! आणि नातवाने पट्टी दाखवली. पसरणी उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढला तर पट्टी टोकाला, न्यूट्रल केलं तर खाली येते. घाटात न्यूट्रल बंद केलं. पण सातारा रोडच्या सपाटीबद्दल माझं मत कायम आहे.

घाटरस्ता
अण्णा, घाटाचं ऐकलंत हेच खूप मोठं आहे _/\_

स्वप्नजा
म्हणजे इथेनॉल निर्दोष सुटलं?

टॉर्कराव
नाही, त्याचा एक किमी त्याच्या नावावर आहेच. तो काही गॅरेजमध्ये जाऊन परत मिळणार नाही.

धायरीकर
आकडे आले. सिटी, एसीसकट, त्याच रस्त्यावर सरासरी १४.९. कोल्हापूरला घरी जाऊन आलो, तिघं माणसं आणि सामान, ८०-८५ च्या वर गेलो नाही, २०.६. टॉर्करावांनी सुरुवातीलाच १५ काढून दाखवले होते, बरोबर तिथेच येऊन थांबलं. वडिलांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले गाडी चांगलीच आहे म्हणून तुला दिली होती.

गॅरेजवाले दादा, कोल्हापुरात आलो होतो तेव्हा तुम्हाला भेटायचं राहिलं, पुढच्या वेळी नक्की. एक शेवटचा प्रश्न, मेकॅनिक म्हणाला कूलंट थोडं कमी झालं तर नळाचं पाणी टाकलं तरी चालतं. टाकू का?

गॅरेजवाला_कोल्हापूर
नळाचं नको, बोअरचं तर अजिबात नको. क्षार बसून रेडिएटरच्या बारीक नळ्या चोक होतात, आणि नवीन वॉल्व्ह पण अडकेल. त्याच प्रकारचं कूलंट आणून डब्यातल्या खुणेपर्यंत भरा, तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात. इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही. आणि सारखं कमी व्हायला लागलं तर भरत बसू नका, गळती शोधा.

मीनल_ठाणे
दादा, ठाण्यात तुमच्या ओळखीचा कोणी आहे का? माझी ११ वाली गाडी घेऊन जाते. स्कॅनर ऑर्डर केलाय.

गॅरेजवाला_कोल्हापूर
आधी स्कॅनरचा आकडा इथे टाका ताई, मग बोलू.